उलटीची गोळी

मुलुंड, ५ सप्टेंबर २०२५

चि. शुभास अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसशील. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं, म्हणून डॉक्टरांनी रोज पानभर लिहायला सांगितलंय. मेंदूतलं डोपामिन रिसेप्टर नावाच्या ठरावीक जागी जाऊन बसलं की हातपाय नीट हलतात. माझ्याकडे तेच कमी पडलंय, त्यासाठी गोळ्या आहेत. गुण आहे, काल शर्टाची बटणं स्वतः लावली. फक्त गोळीने पोटात ढवळतं, खाल्लेलं उलटून पडतं. भाऊबीजेला मात्र पार्ल्याला येणार आणि तुझे तीन जिने कुणाचा हात न धरता चढणार.

तुझा दादा, विद्याधर

विलेपार्ले, ९ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अक्षर अजून माझ्यापेक्षा बरं आहे, उगाच भाव खाऊ नकोस. माझ्या केयूरबरोबर उलटीच्या गोळ्या पाठवतेय. गावी जाताना घाटात मी त्याच घेते. दिवसातून तीन घे. एवढ्यातेवढ्यासाठी डॉक्टरांना विचारत बसू नकोस. लोभ असावा.

तुझी शुभा

मुलुंड, २८ सप्टेंबर

चि. शुभास अ. आ.

उलटी थांबली, गोळी झकास. बाकी वाट लागली आहे. बटणं पुन्हा लेकीकडून, अबोलीकडून लावून घेतो. उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटतात, सुटत नाहीत. हे अक्षर वाचता येतंय का? मला भीती वाटते गं.

दादा

विलेपार्ले, १ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न.

भिंगाने वाचलं. हे दुखणंच असं, कमीजास्त व्हायचंच. गोळ्या बंद करू नकोस, आणखी पाठवल्यात. लोभ असावा.

शुभा

मुलुंड, २१ ऑक्टोबर

ती. शुभाआत्यास सा. न.

बाबांच्या तेराव्याला तू सारखी विचारत होतीस, एवढं अचानक कसं झालं. तेव्हा बोलले नाही. उंबरठ्याशी पाय अडकून ते पडले, खुबा मोडला, तेव्हा हॉस्पिटलात डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या बघितल्या. म्हणाले, उलटी आणणारे आणि हातपाय हलवणारे रिसेप्टर एकाच जातीचे. तुझी गोळी दोन्हीकडे जागा अडवून बसते, मग डोपामिनने बसायचं कुठे? पार्किन्सनच्या माणसाला ती देतच नाहीत.

तुला सांगायचं नाही अशी बाबांनी शपथ घातली होती. मोडतेय, कारण परवा तू तुमच्या शेजारच्या द्रौपदीकाकूंना त्याच गोळ्या देईन म्हणालीस, आणि त्यांनाही हाच आजार आहे. तुझा राग येतो, खोटं कशाला बोलू? पण रोज त्या गोळ्या बाबांच्या हातावर मीच ठेवत होते.

बाबांनी जाण्याआधी तुला लिहिलेली चिठ्ठी सोबत आहे.

अबोली

विलेपार्ले, २३ ऑक्टोबर

चि. अबोलीस आशीर्वाद.

चिठ्ठी भिंगातूनही नीट दिसेना. तासाभराने लागली. एकच ओळ आहे, "शुभा, उलटी थांबली होती हं." खोटं नाही लिहिलं त्याने, पण मला वाचवायलाच लिहिलं.

द्रौपदीकडून गोळ्या परत आणल्या. विचारायला हवं होतं गं. मला सगळं कळतं, याचाच मला माज होता.

आज भाऊबीज. मघाशी जिन्यात पाऊल वाजलं, तर मी दार उघडायला उठलेसुद्धा.

पत्राखाली "लोभ असावा" असं मी जन्मभर सवयीने लिहीत आले. आज विचारतेय. ठेवशील?

तुझी आत्या