बाईसाहेबांच्या कानातलं मलम

४ फेब्रुवारी
बाईसाहेब पुन्हा ओकल्या. माझ्याच खुर्चीवर — जागा निवडण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही! खाणं राक्षसाचं, आणि पाठीवर हात फिरवला की मणका न् मणका लागतो. म्हातारी मांजर, पण दिवसभर घरभर येरझारा. आईचं निदान : 'उतारवयात हाव सुटते. तुझ्या वडिलांचं आठवत नाही?'

६ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा चाचपला, रक्त घेतलं. थायरॉइड. गळ्यातली इवलीशी ग्रंथी नको तितकं काम करते आणि सगळं शरीर धावत सुटतं, हृदयासकट. उपाय दोन. आयोडीन कमी असलेलं डब्यातलं खाणं — आणि त्याखेरीज जन्मभर काहीही नाही! किंवा औषध.
मी संस्कृतचा मास्तर. पथ्यावर तासभर बोलू शकतो. मांजरीपुढे बोलून पाहिलं.

१० फेब्रुवारी
पथ्याचं खाणं हुंगलं, आणि पंजाने फरशी खरवडून ते पुरल्यासारखं केलं. इतकं स्पष्ट भाष्य कुठल्या टीकाकाराने केलं नसेल.
'भूक लागली की खाईल झक मारून,' मी म्हणालो. डॉक्टरीणबाई फोनवर ओरडल्याच. मांजराला उपाशी ठेवायचं नसतं, लिव्हर जातं!
गोळी तीनदा थुंकली. माझ्या अंगठ्याला पट्टी.
आता मलम. कानाच्या आतल्या बाजूला चोळायचं, कातडीतून रक्तात उतरतं. हातमोजे घालून, नाहीतर माझाच थायरॉइड मंदावायचा.
'आधीच काय कमी मंद आहेस?' — आई.

४ मार्च
रक्त तपासलं. आकडा ढिम्म हलला नाही. मलम वाढवलं.

२५ मार्च
पुन्हा वाढवलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे, गृहपाठ न केलेल्या पोराकडे मी बघतो तशा बघतात. 'रोज लावता ना?' लावतो हो! शाळेला निघताना, न चुकता.

३० मार्च
सापडलं! चष्मा विसरला म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आलो. आई खिडकीशी, मांडीवर बाईसाहेब, हातात ओला कापूस. कान पुसणं चाललेलं.
'अगं, हे काय करतेस?'
'मलम तसंच चिकट ठेवतात होय? जंतू बसतात. तू लावून गेलास की मी रोज पुसून घेते.'
उभा जन्म ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. तिच्या राज्यात चिकट काही उरत नसे.
मी पोट धरून हसलो. 'आई, ते आत जिरायला हवं गं!'
ती हसली नाही. कापसाचा बोळा कचऱ्यात टाकून आली.

९ एप्रिल
बाईसाहेब शांत. येरझारा थांबल्या. 'गुण आला बघ!' मी आईला म्हणालो. तिने ताटलीकडे बोट केलं. खाणंही थांबलंय.

१० एप्रिल
दवाखाना. दोनदा वाढवलेलं मलम — तेव्हा पुसलं जात होतं म्हणून निभावलं. पुसणं थांबलं आणि सगळं अंगात उतरलं. हे डॉक्टरीणबाईंना कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. आईची चूक पकडल्याच्या आनंदात होतो!
थायरॉइड आता तळाला. आणि त्याहून वाईट : मूत्रपिंडं निकामी होत आलीत. रक्त धावत होतं तोवर ती कशीबशी रेटली जात होती, म्हणून कळलं नव्हतं. मलम कमी करू, सलाईन देऊ, म्हणाल्या. पण थायरॉइड आवरावा तर मूत्रपिंडं जातात, मूत्रपिंडं जपावीत तर थायरॉइड. इकडे आड, तिकडे विहीर, आणि कठड्यावर आमची मांजर.
'माझ्यामुळे झालं का?' मी विचारलं.
'मूत्रपिंडं आधीच गेलेली असणार,' असं म्हणून बाई टेबल पुसायला लागल्या. टेबल स्वच्छच होतं.

१४ एप्रिल
आता पथ्य नाही. मासा, साय, माझ्या ताटातलं, मागेल ते! मागत नाही. आई बोटावर साय घेऊन बसते. साय वाळते.

१६ एप्रिल
हाक मारली तर कानही हलत नाही.

१७ एप्रिल
डॉक्टरीणबाई उद्या घरी येतील, इंजेक्शन घेऊन. आईला कसं सांगावं ते सुचेना — आणि म्हणे भाषेचा मास्तर! शेवटी सांगितलं. तिने मांडीवरची शाल बाईसाहेबांच्या अंगावर सारखी केली.
'बरं केलंस,' म्हणाली. 'माझ्या वेळी इतके दिवस लावू नकोस.'