रिकाम्या कप्प्याला हिरवी खूण

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं शोभत नाही, हे मला कळतं. तरी रागावले आहे. ऑफिसात बसले की हात कामाला लागतात आणि डोकं तुमच्याशी भांडत राहतं. घरी भांडी घासतानाही तेच. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

तुमच्या क्लासपासून सुरुवात करते, कारण दुखणं तिथलंच आहे. वर्ध्यात सायकलच्या दुकानावरची ती खोली, चार कॉम्प्युटर, त्यातले चालू दोन. मी पवनारहून बसनं यायची. मशीन सगळ्यांना पुरत नसे, म्हणून आम्ही वहीवरच प्रोग्राम लिहायचो आणि वहीवरच ओळीनं चालवून बघायचो. तुम्ही फळ्यावर पाच पोरांचे मार्क मांडायचात आणि सगळे पास आहेत का ते प्रोग्रामला शोधायला लावायचात. एकेक पोरगा मोजणाऱ्या खुणेला तुम्ही 'नग' म्हणायचात. तुमची रीत ठरलेली होती. "आधी सगळे पास धरा. मंग एकेकाले पाहा. एक जरी नापास सापडला, तं पास खोडा. नाई सापडला, तं काम झालं." ऐकायला किती सोपं. मीही खूश होते. मग एक दिवस मी हात वर केला आणि विचारलं, सर, यादीत एकही पोरगा नसला तर? बघायलाच कोणी नाही, तर प्रोग्राम सगळे पास म्हणूनच सांगेल ना? तुम्ही खडू खाली ठेवलात. "वर्गात कोनीच नाई, तं परीक्षा कोनाची घेऊन राह्यली तू? भिंतीची?" सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसलात. मग वर आणखी म्हणालात, "हाय त्याचा विचार कर पोरी. नाई त्याचा विचार रिकामटेकडे करतेत." मी खाली बसले. त्यानंतर तुमच्या क्लासमध्ये मी कधी तोंड उघडलं नाही.

आणि मी एकटीच नव्हते. रोज तास संपताना तुम्ही विचारायचात, "काही शंका?" कोणी बोलायचं नाही. "म्हंजे सगळ्याइले समजलं," असं म्हणून तुम्ही फळा पुसायचात. समजलेलं नसायचं, सर. विचारलं की हसं होतं, एवढंच काय ते आम्हाला समजलं होतं. शंका बाहेर पडू नयेत अशी व्यवस्था तुम्हीच केलीत, आणि शंका नाहीत म्हणजे आपलं शिकवणं झकास, असंही तुम्हीच ठरवलंत. याचा मला आज जितका संताप येतो तितका तेव्हा आला नव्हता. तेव्हा मला वाटलं होतं, माझाच प्रश्न मूर्खपणाचा असेल.

तुम्ही वाईट माणूस असतात तर माझं काम सोपं होतं. एका शनिवारी तुम्ही क्लासची किल्ली माझ्या हातावर ठेवलीत. "उद्या पाह्यजे तेवढा वेळ बस मशीनवर. जातानी पंखा बंद करजो." पोरीच्या हातात अख्खा क्लास देणारं तेव्हा दुसरं कोण होतं? त्या किल्लीवर माझी नोकरी उभी आहे, हे मी नाकारत नाही. ती परत करायला मी पिपरी मेघेला तुमच्या घरी आले, तर काकू स्वयंपाकघरात कंबरेला पदर आवळून बांधून पोळ्या लाटताहेत, आणि दर पोळीला ओट्याला टेकताहेत. मी विचारलं, कंबर दुखते का? म्हणाल्या, "गंज दिवस झाले." सरांना सांगितलं नाही? त्यांनी तव्यावरची पोळी उलटली. "सांगून का होते? मी बोलत नाई, तं त्याइले वाटते मी ठणठणीत हाय." तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतात. काकूंनी मला दोन पोळ्या खायला लावल्या, मग मी बस पकडून घरी आले.

आता हल्लीचं सांगते. जिल्ह्यातल्या विहिरींचं आणि हापशांचं पाणी तपासतात, त्याचा प्रोग्राम सांभाळणं हे माझं काम. प्रत्येक विहिरीच्या नावाचा त्यात एक कप्पा असतो आणि त्यात तिच्या पाण्याचे तपासणीचे निकाल पडतात. वरून आता मोबाइलचं नवं तोंड बसवलं आहे, कोणीही आपल्या विहिरीचं नाव टाकून बघावं, हिरवी खूण म्हणजे पाणी पिण्याजोगं, लाल म्हणजे नाही. आतला कारखाना मात्र जुना. तेव्हा अशी कामं बाहेरच्यांकडून करून घेत; कोणी लिहिला हे कुठे लिहिलेलं नाही. पण एकेक निकाल मोजत जाणाऱ्या खुणेला 'नग' असं नाव देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे.

माझ्या मोठ्या बहिणीला कारंज्याकडं दिलं आहे. गावापासून नाल्यापलीकडे तीस-एक घरांची वस्ती. आधी ती गावातच मोजली जायची, गावाचे निकाल तेच वस्तीचे. मग तिथल्या लोकांनी खेटे घालून कागदोपत्री आपलं वेगळं नाव करून घेतलं. ताईनं त्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, किती खूश होती. वेगळं नाव झालं, तसा वस्तीच्या विहिरीचा वेगळा कप्पाही झाला. पण तपासणीसाठी पाणी न्यायला येणारा माणूस गावातूनच परत फिरायचा, नाला ओलांडायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कप्पा रिकामा. आणि तुमचा प्रोग्राम काय करतो? आधी पाणी चांगलं धरतो. मग वाईट निकाल शोधायला कप्प्यात शिरतो. आत बघायला काहीच नाही, तर तसाच बाहेर येतो आणि हिरवी खूण देऊन मोकळा होतो. एकदाही न तपासलेल्या विहिरीला हिरवी खूण.

पावसाळ्यात वस्तीत कावीळ पसरली. ताईला सातवा महिना होता. गरोदरपणात ही कावीळ फार वाईट, असं डॉक्टर म्हणाले. ताई वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगी होती.

वॉर्डात ताई भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी तिचे पाय दाबते आहे. ती भिंतीकडे बघतच बोलते. "पानी गढूळच दिसे. मी याइले म्हनलं, उकळून पेऊ. थे म्हने, मोबाइलवर हिरवं हाय, कायले लाकडं जाळतं." मग माझ्याकडे वळते. "आपल्या इहिरीचं पानी तं कोनी नेलंच नाई. मंग चांगलं हाय म्हून कोनं सांगतलं?" नाई त्याचा विचार रिकामटेकडे करतात ना, सर? मग द्या तिला उत्तर.

ऑफिसात येऊन प्रोग्राम उघडला, तेव्हा 'नग' दिसला. दुरुस्ती एवढीशी होती. आत शिरण्याआधी कप्पा रिकामा आहे का ते बघ. रिकामा असेल तर चांगलंही म्हणू नको, वाईटही म्हणू नको, तपासलेलं नाही म्हण. ती चालवली आणि नकाशावरचे हिरवे ठिपके जागोजागी करडे पडत गेले. ताईची वस्ती एकटी नव्हती. साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. "तक्रार आलती का कोनाची? नाई ना? मंग सगळं बराबरच होतं. इतके करडे दाखोशीन, तं वरून विचारतीन." म्हटलं, विचारू द्या. दुरुस्ती काढायची असेल तर तसं लिहून द्या, मी काढते. त्यांनी दिलं नाही. मागच्या आठवड्यात माणूस नाला ओलांडून वस्तीवर गेला आणि विहिरीचं पाणी घेऊन आला. निकाल वाईट निघाला. आता तिथे लाल खूण आहे आणि टँकर येतो. हे सगळं एका प्रश्नाचं काम होतं, जो मी वयाच्या अठराव्या वर्षी तुम्हाला विचारला होता.

ताई आता पवनारला आईकडे आहे. काल संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले होते. दुरुस्तीचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "आधीचं थे कोनं लिवलंतं?" तुमचं नाव तिला माहीत आहे. माझ्या नोकरीचा पेढा घेऊन तुमच्याकडे तीच तर आली होती.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. मी तुमचं नाव घेतलं नाही, काहीच बोलले नाही. ती म्हणाली, "म्हंजे तुलेबी मालूम नाई," आणि गोधडी ओढून निजली.