कोळंबीच्या जमिनीत मी दोन फूट

खाडीकाठच्या रहिवाशांनो (म्हणजे भावोजी, तुम्ही आणि मी),

नमस्कार. ताईचा खोकला आणि तुमचा गुडघा दोन्ही बरे असतील असं धरून चालतो. आपल्या दारासमोरचा चिखलाचा पट्टा बुजवून तिथे ट्रकतळ होणार आणि आपल्याला कुणी साधं विचारलंही नाही, हे शल्य तुमचं तसंच माझं. मी मात्र गप्प बसलो नाही (कधी बसलोय?).

त्या चिखलात बोटाएवढी कोळंबी राहते. ती आयुष्यभर बीळ खणते, भिंती लिंपते, पाय हलवून पाणी आत ओढते आणि कुणाकडे अनुदान मागत नाही. तिच्या बिळांनी जमिनीची आतून चाळण झाली आहे, अशा जमिनीवर भराव टिकणार नाही, हे माझं म्हणणं. बांधकाम खात्याचे इंजिनिअर म्हणाले, "दाखवा." मंगळवारी ओहोटीला त्यांना घेऊन गेलो. ते फळीवर उभे राहिले, मी चिखलात. माणसाने पहिली भिंत बांधली तिथून भाषणाला सुरुवात केली (विषयाला तेवढी पार्श्वभूमी लागतेच). राजेशाही येईतो चिखल पोटऱ्यांपर्यंत आला होता, छापखान्याच्या शोधाला गुडघ्यापर्यंत. क्रांतीला मी मूठ उंचावली आणि मांडीपर्यंत गेलो. शेजारी गळाच्या आमिषासाठी कोळंब्या खणणारी बाई ओरडली, "अहो वक्ते, हात आवरा! तोंडही आवरा! भरती लागलीय!" मी मुद्दा पुरा केला. मग दोघांनी मिळून मला उपटून काढलं. बूट तिथेच आहेत.

उरलेल्या खड्ड्यात इंजिनिअरांनी टेप सोडली. चाळीस मिनिटांत दोन फूट! याहून मोठा पुरावा कोणता?

तुमचा मेहुणा

ता.क. पुरावा मान्य झाला नाही. शेरा असा: "सदर गृहस्थ सतत हातवारे करत होते. ते कोळंबीमुळे खचले की भाषणामुळे, हे सांगता येत नाही. न हलणाऱ्या, न बोलणाऱ्या माणसावर चाचणी पुन्हा घ्यावी." त्यासाठी गुरुवार दिला आहे. शुक्रवारी भरावाचे ट्रक येतात.

ता.क. २. माझ्या निवडणुकीच्या सभेत तुम्ही अगदी पुढे तीन तास उभे होतात. टाळी नाही, मान हलवणं नाही, डोळ्याची पापणीसुद्धा नाही. तो राग मी आज सोडला. मला चाचणीच्या दिवशी काठावरही यायला मनाई आहे, तेव्हा निर्धास्त असा. भावोजी, गुरुवारी सकाळी साडेनऊला त्या चिखलात जाऊन चाळीस मिनिटं उभे राहा.