नईमचं मत

बैरूत, २५ ऑगस्ट १९९६

प्रिय बुत्रोसदादा,

तू, वहिनी, मुलं सुखरूप असाल. साओ पावलोत आता थंडी असेल. इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय. आईचे गुडघे सोडले तर आम्ही दोघी बऱ्या आहोत.

गेल्या रविवारी मतदान झालं. ज्यांनी गावं जाळली तेच आता मतं मागतायत, असं तू फोनवर म्हणाला होतास. खरं आहे. पण आपली नावं गावच्याच यादीत, म्हणून तेरा वर्षांनी आम्ही गावी गेलो. बस नायेफने पाठवली होती. हो, आपल्या शेजारचाच नायेफ. द्रुझ पंथाच्या साहेबाचं गावातलं सगळं आता तो बघतो. आपल्यासारखे ख्रिस्तीसुद्धा साहेबाला मत देतात, हे त्यांना दाखवायचं होतं.

घर मिळालं, दादा. आत घुसलेले लोक गेल्या महिन्यात निघाले. कसं मिळालं ते सांगते, पण आधी मतदानाचं.

शाळेच्या फाटकाशी एक माणूस यादी घेऊन बसला होता. आईने त्याला विचारलं, नईमचं नाव अजून आहे ना? तुला ठाऊकच आहे, लढाईत आपल्या या भावाला उचलून नेलं तेव्हापासून तिने त्याच्या मृत्यूचा दाखला काढू दिलेला नाही. त्या माणसाने यादीवरून बोट फिरवलं.

"आहे की, आजी. सकाळीच मत देऊन गेला."

आई तिथेच पायरीवर बसली. मग येईल त्याला विचारत सुटली, शर्ट कुठल्या रंगाचा होता, बारीक झालाय का. लोक खाली मान घालून पुढे गेले. नायेफ माझ्याकडे बघत होता. नईमला नेलं त्या दिवशीही तो स्वतःच्या दारात असाच उभा होता.

नईमचं मतदार कार्ड मीच नायेफला दिलं, दादा. जुलैत तो इथे बैरूतला आला होता तेव्हा. त्याशिवाय घर रिकामं होणार नाही म्हणाला. मला वाटलं, नुसतं कागदावरचं नाव, त्यात कुणाचं काय जातंय. परवा घराची किल्ली आणायला एकटी गावी गेले, तेव्हा कार्ड परत मागितलं.

"असू दे माझ्याकडे," तो म्हणाला. "चार वर्षांनी पुन्हा लागेलच. तुम्ही आता इथेच राहणार ना?"

तक्रार केली तर घर जाईल. आणि आईला खरं सांगायचं, तर नईम या जगात नाही हेही मलाच सांगावं लागेल. तिने सामान बांधलंय. नईम गावात आहे, तर आपण इथे कशाला, म्हणते. मंगळवारी निघतोय.

आत्ता ती समोरच बसलीये. नईमचं लिहिलंस का, विचारते. मी हो म्हटलं.

फोन करशील तेव्हा तिच्याशी आनंदाने बोल. एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
वदाद