ताईचा घोडा आणि बाबांची रायफल

हार्पर फोर्क, मोंटाना
ऑगस्टअखेर, १९७४

तीर्थस्वरूप व्हर्नाताईस,

धाकट्या एल्डनचा टोपी काढून आणि हात पुसून नमस्कार. (हात पुसून अशासाठी, की कोपरापर्यंत तेल आहे, आणि कागदावर डाग दिसला की तू मजकूर बाजूला ठेवून डागाबद्दलच उत्तर लिहितेस.)

गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत बरे होतील म्हणून तू गेलीस. आता लिहितेस की उन्हात दुखतात आणि सावलीत आखडतात. म्हणजे गुडघे आपल्याच घराण्याचे, कशातच समाधान नाही. इकडे आम्ही मजेत आहोत. गवत कापून झालं, हकलबेरीचा मुरंबा बरण्यांत गेला, तुझ्या भावजयीची, आयडेलाची, तब्येत ठणठणीत आहे. माझे कानही उत्तम आहेत. (आयडेलाचं मत वेगळं आहे म्हणे, पण ती काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही.) फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि वर विचारतेस, गप्प का रे?

आता मुद्द्याचं. तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिसऱ्यात नुसतंच 'एल्डन' लिहिलंयस, 'प्रिय' नाही आणि 'बाळ'ही नाही, तेव्हाच ओळखलं की ताईसाहेबांचा पारा चढलाय. तुझा हुकूम मला तोंडपाठ आहे. तुझ्या नातवाच्या, ड्युईटच्या लग्नाला तू गुडघ्यांमुळे येणार नाहीस. तुझ्याऐवजी मी बाबांची रायफल त्याच्या हातात द्यायची. (थोरली म्हणून ती तुझीच, माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या कारखान्यात नुसती टांगलेली असते, हे मी कधीच नाकारलेलं नाही.) पण देण्याआधी तिची नळी नव्यासारखी निळी करायची, लाकडी दस्ता घासून व्हार्निश चढवायचं, आणि दस्त्यावरचं 'ते ध्यान' काचपेपरनं साफ काढून टाकायचं, म्हणजे नवरीकडची, मार्लिसच्या माहेरची बँकवाली मंडळी हसणार नाहीत. ध्यान म्हणजे तू सहा वर्षांची असताना खिळ्यानं कोरलेला घोडा. (घोडा असल्याचं तू सांगितलंस म्हणून. आम्ही बाकीचे त्याला बटाटा समजत होतो, फक्त शेपटीचा उलगडा होत नव्हता.)

तर काम अजून का झालं नाही, ते सविस्तर सांगतो. आधी कॉफी घेऊन बस.

पहिलं कारण हॉलिस पेटिग्रू. आपल्या शेजारच्या कुरणातला, घोड्यावरून पडण्यात ज्याचा हात कोणी धरू शकत नाही तो. त्यानं वसंतात नवी कोरी रायफल घेतली. दस्त्याखालच्या कड्यात बोटं घालून खाली-वर केलं की पुढची गोळी आत सरकते, तीच आपली नेहमीची. पण हॉलिसला ते कडं मोठं, चांगलं कढईच्या तोंडाएवढं करून हवं होतं, म्हणजे घोड्यावर बसल्या बसल्या एका हातानं रायफल गर्रकन फिरवता येते. नव्या रायफलीचे लाड करायला माझी ना नाही, ताई. मोठं कडं लाव, दस्त्याला चामडं शीव, अक्रोडाच्या लाकडावर गुलाब कोर, माझा धंदाच तो. मी कडं बनवून दिलं, आणि हेही सांगितलं की हॉलिस, आधी जमिनीवर उभं राहून रिकामी फिरवून बघ. हॉलिसनं रायफल रिकामी करून घेतली, तेवढं ऐकलं. जमिनीवर उभं राहणं मात्र त्याला कमीपणाचं वाटलं. घोडीवर बसून त्यानं ती फिरवली, नळी हनुवटीवर बसली, आणि वरची कवळी सुटली ती थेट घोड्यांच्या पाण्याच्या हौदात. मग तो आणि मी बाह्या सरसावून हौदात हात घालून उभे, आणि त्याची घोडी मधे तोंड घालून पाणी पितेय. 'बोलू नको, शोध,' असं तो मला दहादा म्हणाला असेल, पण दातांशिवाय म्हणाल्यामुळे मला हसू आवरेना. कवळी मिळाली. रायफल मात्र दगडावर आपटून नळीला ओरखडा पडला, म्हणून ती रंगासाठी पुन्हा माझ्याकडे आली.

इथून दुसरं कारण सुरू होतं, आणि ते आयडेला आहे. तुला ठाऊकच आहे, आपला जुन्या पद्धतीचा निळा रंग म्हणजे शिस्त लावलेला गंज. गंज चढवायचं औषध फासायचं, नळी दमट जागी टांगायची, गंज चढला की पावसाच्या पाण्यात उकळायची, म्हणजे तांबडा गंज काळा पडतो. मग मऊ तारेनं झाडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. एक पथ्य मात्र कडक, तुपातेलाचा थेंबही लागता कामा नये. आमच्या घरात दमट जागा एकच, न्हाणीघर. तिथे नळ्या टांगलेल्या बघून पाद्रीबाईंनी हात न धुताच निरोप घेतला, त्याचा राग आयडेलाच्या मनात होताच. त्यात चर्चचं जेवण आलं. एवढी मक्याची कणसं उकडायची कशात? तर माझ्या नळ्या उकळायच्या लांब पन्हाळीत! कणसं त्यात ओळीनं छान बसतात म्हणे. उकडली ती उकडली, वर लोणी सोडलं. परत आणून ठेवताना मला एका शब्दानं सांगितलं नाही. (सांगितलं होतं, असं ती म्हणते. पुन्हा तोच कानांचा विषय.) दुसऱ्या दिवशी मी हॉलिसची नळी उकळली तर ती पांढऱ्या ठिपक्यांची होऊन वर आली. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात हॉलिस आला, नळी बघितली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, 'अरे एल्डन, ही तर हुबेहूब माझ्या घोडीसारखी झाली!' त्याची घोडी ठिपक्यांची आहे. आता गावभर तो सांगत सुटलाय की हा खास रंग आहे, मुद्दाम करून घेतला. आणखी दोघं तसाच मागायला येऊन गेले. आयडेलाला आता तिचा वाटा हवाय.

हे सगळं निस्तरून परवा मी तुझ्या हुकमाला हात घातला. बाबांची रायफल खाली काढली, रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी साफ करायला घेतली. तिला ते छोटं दार आहे बघ, आत साफसफाईची काडी ठेवतात. दार उघडलं तर काडीच्या जागी तंबाखू! वाळून पार काडेचिराईत झालेली. ताई, बाबांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर शपथ घेऊन तंबाखू सोडली होती, आठवतं? आणि त्यानंतर शिकारीची गोडी एकदम वाढली होती, हेही आठवत असेल. हरिण मिळो न मिळो, माणूस डोंगरावरून खुशीत परतायचा. मी तिथेच स्टुलावर बसून पोट धरून हसलो, मग थोडा रडलोही, आणि त्या दिवशीचं काम तिथेच राहिलं.

काल पुन्हा बसलो. काचपेपर हातात घेतला, घोडा समोर धरला. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना ओरडून सांगत आलो की जुन्या रायफलीला तेलाचं फडकं लावा आणि हात खिशात घाला. खोगिराच्या म्यानात घासून घासून तिची एक बाजू पांढरी पडलीय. हातात धरून चालायची जागा आहे ना, तिथला रंग बाबांच्या तळव्यानं उतरलाय. तो मी परत चढवू? बरं, तुझा हुकूम म्हणून तेही केलं असतं. पण घोडा उजेडात आडवा धरला आणि दिसलं ते आजवर मला कधी दिसलं नव्हतं. तू तो गाल टेकायच्या जागी कोरलायस. त्याचे पाय अजून खोल आहेत, पण पाठ गुळगुळीत झालीय. बाबा नेम धरताना रोज त्याच्यावर गाल टेकायचे, ताई. घोडा निम्मा त्यांच्या गालानं पुसलाय, उरलेला मी काचपेपरनं पुसायचा? मला नाही जमणार. कोणी हसलं की ते काय म्हणायचे, तेही आठवलं. 'हसायला काय झालं? घोडा थकलाय, म्हणून बसलाय.'

तेव्हा राग काढायचा तर काढ, पण थोडा विचार करून काढ. गुडघ्यांना जप. आयडेला मुरंब्याच्या दोन बरण्या राखून ठेवतेय, पोस्टानं पाठवणार नाही म्हणते.

तुझा आज्ञाधारक (इतर सर्व बाबतींत) भाऊ,
एल्डन

ता. क. खरं सांगायचं तर हॉलिस आणि कणसं झाली नसती तरी काम झालं नसतंच. जूनमध्येच ड्युईटचा फोन आला होता. 'मामाआजोबा, काय वाट्टेल ते करा, पण आजीच्या घोड्याला हात लावू नका. मार्लिसला मी पहिल्या भेटीत त्याचीच गोष्ट सांगितली होती.' आजीला कळवू नका असंही म्हणाला, म्हणून मी आजवर कळवलं नाही. आता कळवलं.

दुसरा ता. क. आयडेलानं पत्र वाचलं आणि विचारलं, तंबाखूच्या खाली पाहिलंत का? पाहिलं नव्हतं. खाली पेपरमिंटची गोळी होती, मेणकागदात, दोन्ही टोकं उलटसुलट पिळलेली. तशी फक्त आई पिळायची. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, आणि तोंडाला वास येऊ नये एवढी सोय करून ती गप्प बसली. ताई, तुझे गुडघे बाबांच्या दफनानंतरच्या महिन्यातच दुखायला लागले, हे मलाही ठाऊक आहे. ते गेले आणि तुला इकडची वाट नकोशी झाली. मीही आजवर गप्प बसलो. पण आईचा संयम माझ्यात नाही, आणि तुझ्याशिवाय ते लग्न मला गोड लागायचं नाही.

तिसरा आणि शेवटचा. मार्लिसचं म्हणणं आहे की घोड्याला एकटं ठेवू नये, शेजारी त्याची जोडीदारीण हवी. दस्त्यावर जागा आहे. मी चार फळकुटांवर करून पाहिलं. उभं आयुष्य नक्षी कोरत आलोय, त्यामुळे प्रत्येक वेळी हुबेहूब घोडीच होते. त्याला शोभेल इतकी वाईट घोडी या खोऱ्यात तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. खिळ्याला मी धार लावून ठेवलीय. तू ये.