दोन बोटं सैल

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खरोखरीचा घातला. इस्त्रीच्या टेबलाखाली जागा कमी असल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली, उरलेली तीन घरी आल्यावर टेकवीन.) तुझा गुडघा कसा आहे? शिलाई मशीनला तेल आणि गुडघ्याला मलम हे अजून त्याच क्रमाने चाललंय ना, की मागच्यासारखी पुन्हा अदलाबदल झाली? मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे जेव्हा होतं तीच त्याची वेळ. फोन सोडून पत्र का लिहितोय असं तू विचारशील, तर फोनवर तू कमी ऐकतेस आणि शेजारी बसलेले अण्णा जास्त ऐकतात.

आधी बातमी सांगतो, मग पाल्हाळ. आत्या, मी जिंकलो. अण्णांची अट तुला तोंडपाठ असेलच, कारण ती त्यांनी तुझ्याच ओट्यावर बसून, तुझाच चहा पीत घातली होती. तुझ्या त्या फोनमधल्या खेळण्याला एक परका माणूस मिळव; ओळखीचा नको, दयेचा नको; त्याने ते सलग तीस दिवस आपणहून वापरलं पाहिजे. वर्ष संपायच्या आत हे झालं नाही, तर गुमान घरी ये आणि माझ्या शेजारी वजनकाटे दुरुस्त करायला बस. बाप असून त्यांनी माझ्या भवितव्याचं माप असं एका पारड्यात टाकलं. वजनकाट्यांना मी नावं ठेवत नाही. पण दिवसभर एका जागी बसून काटा थरथरायचा थांबण्याची वाट बघणं मला या जन्मी जमणार नाही, काट्याआधी मीच थरथरायला लागतो. तर तो परका माणूस मिळाला आणि आज त्याचा तिसावा दिवस आहे.

आता पाल्हाळ. मी इथे धुलाईच्या दुकानात काम करतो हे तुला माहीत आहे. कपडे यंत्रात टाकले की चाळीस मिनिटं हात मोकळे. लोक तासांत काम मोजतात, मी धुलायांत मोजतो. मापवहीतलं (हे माझ्या ॲपचं नाव, अण्णा 'खेळणं' म्हणतात ते) पहिलं बटण बनवायला अकरा धुलाया लागल्या आणि ते दाबल्यावर फोनच बंद व्हायचा. नववीत मी दोनदा बसलो आणि दुसऱ्यांदा जो उठलो तो परत बसलोच नाही, त्यामुळे सगळं व्हिडिओ बघून आणि चुका करून शिकलो. व्हिडिओतला माणूस 'हे तर सोपं आहे' म्हणाला की समजायचं, आता तीन दिवस गेले. एकदा सहा दिवस एक चूक शोधत होतो, ती एका स्वल्पविरामाची निघाली. मराठीच्या बाईंनी स्वल्पविरामासाठी माझे कान पिळले होते तेव्हा ते उगाच वाटलं होतं, आता त्यांची क्षमा मागावीशी वाटते.

कल्पना साधी होती. कपडे शिवणाऱ्या माणसाची मापं चिटोऱ्यांवर असतात, आणि चिटोरी उडतात, भिजतात, नाहीतर कुणीतरी त्यात शेंगदाणे बांधून नेतो. तीच मापं फोनमध्ये ठेवायची. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की छाती, कंबर, बाही सगळं हजर. शिलाईतलं मला जे येतं ते तुझ्या टेपचं दुसरं टोक धरून शिकलेलं, म्हणून मापवहीही तुझ्याच पद्धतीची केली. आणि तिथेच घोटाळा झाला.

तुझी ती दोन बोटं आठवतात? गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावायची, आत हळूच दोन बोटं सरकवायची आणि आकडा वाचायचा. वर सांगायचं, बाई, बारीक झालात हो. कपडा सैल झाला की तीच बाई खूश होऊन आणखी दोन शिवायला टाकायची. मला वाटलं ही तुझ्या एकटीची विद्या. म्हणून मापवहीत मी ती गुपचूप घातली, कुणी कंबर बत्तीस लिहिली की ती आपली आपण दीड इंच वाढवून ठेवायची. जगातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना बारीक झाल्याचं सुख द्यावं, एवढाच माझा हेतू.

आमच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून एक टेलरमास्तर आहेत. अतिशय सज्जन, तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे कुणाला वाईट बोलूच शकत नाहीत. मापवही आधी त्यांच्याकडे दिली. (ते ओळखीचे, म्हणून अटीत धरले नाहीत.) त्याच आठवड्यात त्यांना बँडवाल्यांचं काम मिळालं, चौदा माणसांचे चौदा गणवेश. मास्तरांनी मापं मापवहीत भरली, कपडे शिवले, ते इस्त्रीला आमच्याकडे आले आणि मी अभिमानाने एकेका पँटची घडी मोडली. तेव्हाच एका पँटमध्ये मी सबंध मावेन असं वाटून गेलं, पण म्हटलं बँडवाले दणकट असतात. मास्तरांनाही तुझ्यासारखीच दोन बोटं सरकवायची सवय आहे हे मला काय ठाऊक? त्यांची दोन, मापवहीची दोन. चार बोटं सैल पँट घालून चौदा माणसं भर बागेत वाजवायला उभी राहिली.

सगळ्यात हाल झाले मोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्या काकांचे. त्या वाद्याला पोटभर श्वास लागतो. श्वास घेतला की पोट फुगून पँट जागेवर राहायची, फुंकला की खाली निघायची. काकांनी सबंध कार्यक्रम अर्ध्या श्वासात वाजवला. म्हणजे सूर लागला की ते सावरायचे आणि सावरले की सूर जायचा. दुसऱ्या दिवशी बँडचे म्होरके दुकानात आले. मला वाटलं, आता आपलीच धुलाई. पण आत्या, तुझी विद्या थोर आहे. चौदातल्या आठ जणांनी घरी जाऊन आपण बारीक झाल्याचं जाहीर केलं होतं. चौघांनी त्याचं श्रेय व्यायामाला दिलं. (व्यायाम कुणीच करत नाही.) एक जण मात्र इतका घाबरला की डॉक्टरकडे जाऊन आला, आणि वजन दोन किलो वाढलेलं कळल्यावर त्याला रागवावं की हसावं हे सुचेना. म्होरके फक्त पट्टे मागायला आले होते.

मग मी शहाणा झालो. मापवहीतली गुपचूप वाढ काढली आणि तिथे एक प्रश्न घातला, कपडा किती बोटं सैल ठेवता? मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या (म्हणजे प्रकरण गंभीर) आणि म्हणाले, "मी? मी सूतभरसुद्धा वाढवत नाही. जे अंगावर तेच कागदावर." आणखी तीन दुकानांत विचारून आलो. सगळ्यांनी शून्य सांगितलं, आणि सांगताना सगळ्यांची दोन बोटं टेपच्या आतच होती. तेव्हा कळलं की माणूस काय करतो हे त्याला विचारायचं नसतं. सात धुलाया विचार करून मी तो प्रश्न काढला आणि तिथे लिहिलं, 'तुमच्या हाताची खुबी'. मास्तरांनी ते वाचलं, इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप दोन टाकले.

त्यानंतर एका रविवारी सकाळी दहाला मापवही सगळ्या जगासाठी खुली केली. पहिल्या दिवशी पाच जणांनी घेतली. त्यातले तीन मी, वेगवेगळ्या फोनवरून. एक मास्तर. आणि पाचवा तो परका! नाव नाही, फक्त 'गिऱ्हाईक एक' असं लिहिलेलं. तो रोज मापवही उघडतो. मापं ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहतात, ती मला दिसत नाहीत, पण त्याच्या तक्रारी येतात. पहिली होती, 'अक्षर मुंगीएवढं आहे. चष्मा लावून दिसत नाही, काढून तर नाहीच.' मी अक्षर मोठं केलं. मग आली, 'बोटाला खडू असतो, बटण ऐकत नाही.' बटण बशीएवढं केलं. शाबासकी एकदाही नाही. कुणीतरी मुरलेला, खडूस टेलरमास्तर असणार, बहुतेक मिशीवाला. पण असा एक खडूस मिळाला की धंदा तरतो. माझ्यासाठी तो देव आहे.

(आणखी एक परका आठ दिवसांपूर्वी आला, त्याला हिशेबात धरू नकोस. त्याने पाचपैकी एकच तारा दिलाय आणि तो रोज शिव्या पाठवतो. काल लिहिलं, 'तुझं यंत्र सकाळी दोन मिनिटं बंद होतं, माझी सत्तर गिऱ्हाइकं काय उघडी हिंडतील?' असल्या माणसाकडे लक्ष द्यायचं नाही असं मी ठरवलंय.)

तर असा हा विजय. अण्णांना माझा नमस्कार सांग आणि वजनकाट्याशेजारची माझी खुर्ची कुणालातरी देऊन टाकायला सांग. तुझ्या पायाला हात लावतो. गुडघ्याला जपून लावतो.

तुझा,
इस्त्रीवाला, मापवहीवाला भाचा

ता. क. वरचं पत्र दुपारच्या पहिल्या धुलाईत लिहिलं होतं आणि तू ते अण्णांना मोठ्याने वाचून दाखवावंस अशी इच्छा होती. आता दाखवू नकोस. दुसऱ्या धुलाईत 'गिऱ्हाईक एक'ची तक्रार आली. ती जशीच्या तशी उतरवतो: 'दोन खांदे वेगवेगळे लिहायला जागा नाही. एका मुलाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला आहे, लहानपणी चिंचेवरून पडला होता. त्याचं माप तीन वर्षांपूर्वीचं आहे. आता किती वाळलाय कोण जाणे. दूर असलेल्या माणसाला किती सैल धरायचं, ते तुझी वही सांगत नाही.' आत्या, मी डाव्या खांद्याला हात लावून बघितला. धुलाई संपल्याची शिटी तीनदा वाजली. मिशीवाला म्हटल्याबद्दल क्षमा कर.

ता. क. २. म्हणजे अटीप्रमाणे मी हरलो. तू ओळखीचीही आणि दयेचीही. गप्प बसलो असतो तर अण्णांना कधी कळलंही नसतं. पण त्यांचं म्हणणं मला लहानपणापासून पाठ आहे, की काट्याला एकदा बोट लावलं की पुढची सगळी वजनं खोटी. तुझ्या मापात दोन बोटं चालतात, त्यांच्या काट्यावर एकही चालत नाही, आणि मी तुम्हा दोघांच्या हातचा. म्हणून खरी विनंती आता लिहितो. तो एक तारावाला शिव्याळ माणूस आठ दिवस झाले रोज मापवही उघडतोय. ओळख नाही, आणि दया तर मुळीच नाही. असा अस्सल परका मला शोधून सापडला नसता. त्याला आजच सविस्तर पत्र लिहून कालच्या दोन मिनिटांची माफी मागितली आहे. (उत्तर आलं. छापण्यासारखं नाही, पण उद्याही उघडणार असं त्यातून दिसतं.) त्याचे तीस व्हायला बावीस दिवस हवेत, आणि वर्ष संपायला दहाच उरलेत. वरचे बारा दिवस अण्णांकडून मागून दे. तू त्यांची मोठी बहीण, तुला ते नाही म्हणणार नाहीत. सगळं खरं सांग, फक्त त्यांच्या चहाच्या आधी सांगू नकोस.

ता. क. ३. दोन खांद्यांसाठी दोन रकाने केले, तिसऱ्या धुलाईत. उघडून बघ. मास्तरांकडून माझं नवीन माप घेऊन सोबत पाठवतोय. छाती छत्तीस, गळा साडेचौदा, बाही चोवीस, डावा खांदा होता तिथेच. यात मास्तरांची दोन बोटं आधीच आहेत, तेव्हा तू तुझी घालू नकोस. आणि घातलीसच, तर मी काही तक्रार लिहिणार नाही.