माई, मला कच्चा वर्ग मिळाला

प्रिय माई,

सोमवारपासून मला वर्ग मिळाला आहे. आजवर कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळ्या मांडून दिल्या, मुलांच्या वह्या तपासल्या. आता खडू हातात घेऊन उभं राहायचं. आणि वर्ग कुठला म्हणशील? जी मुलं-मुली शाळेत रसायन कधी शिकलेलीच नसतात, त्यांचा. इथे सगळे त्याला कच्चा वर्ग म्हणतात. कुणालाच नको असतो तो. मी मागून घेतला!

बाबांना कळवलं, मैत्रिणींना सांगितलं. सगळ्यांनी कौतुक केलं. पण जिला सांगायचं तिला सांगितल्याशिवाय मन भरेना. म्हणून आज रविवारची दुपार मोकळी ठेवून लिहायला बसले आहे.

तू लग्न होऊन मांडवीच्या आमच्या घरात आलीस तेव्हा मी चौदा वर्षांची आणि तू एकोणीस. आई जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पूर्णगडाहून शिडाच्या मचव्यातून आलीस, केस वाऱ्यानं विस्कटलेले. पहिल्याच संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणालीस, "मला आई म्हणू नको हां गो. ते नाव तिचं. माई म्हण, नायतर काहीच म्हणू नको."

मी दुसरं निवडलं. 'बाबा आले का', 'पानं घेतली का', सगळं भिंतीकडे बघून विचारायची. मॅट्रिक होईपर्यंत तुला कशानंच हाक मारली नाही. तू मात्र रोज माझ्या वेणीत अबोली माळून द्यायचीस. राग नाही आला तुला कधी?

मॅट्रिक झाले आणि मी डॉक्टर व्हायचा हट्ट धरला. मुंबईच्या कॉलेजकडून उत्तर आलं की सायन्सला घेऊ, पण जूनमध्ये प्रोफेसर तोंडी प्रश्न विचारतील. ज्यांचा पाया आहे ते नेहमीच्या वर्गात, नाही ते वेगळ्या वर्गात. वेगळ्या वर्गातले दिवाळीपर्यंत बरोबरीला आले नाहीत तर त्यांनी आर्ट्सला जायचं.

आणि माझा पाया कुठला! शाळेत शास्त्राच्या तासाला आम्हा तिघी मुलींना शेजारच्या खोलीत शिवण देऊन बसवायचे. भिंतीपलीकडून मुलांचे 'अरे वा' ऐकत आम्ही टाके घालायचो. बाबा बंदरावर आगबोटीच्या कचेरीत कारकून. ते म्हणाले, "आर्ट्सला बसायचं तर परत यायचं. मग मी बघेन त्या स्थळाला हो म्हणायचं." बाबा वाईट नव्हते, माई. घाबरले होते.

शास्त्राचे गद्रे मास्तर मेच्या सुट्टीत सकाळी प्रयोगशाळा उघडायला तयार झाले. अट एकच, घरातली बाई रोज सोबत हवी. "रोज कोण बसणार?" बाबा म्हणाले. तू चुलीपुढून मानसुद्धा वर न करता म्हणालीस, "मी बसेन."

बाबांचा फाटका सदरा शिवायला घेऊन तू दाराशी स्टुलावर बसायचीस. मास्तर तुझ्याशी एक अक्षर बोलत नसत. परक्या घरची बाई, तरुण. त्यांना संकोच वाटायचा. मग एकदा त्यांनी निळा कागद आम्लात बुडवला आणि तो तांबडा झाला. दारातून आवाज आला, "आता तो परत निळा व्हायचा, की मेला तो?"

मास्तर खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "त्यांना सांग, होतो. दाखवतो."

मी वळून तुला सांगितलं, "होतो म्हणतात."

एवढ्याशा खोलीत मी दोघांची निरोपी! पण तुझे प्रश्न काही थांबेनात. शेवटी मास्तरच खिडकी विसरले. "वहिनी, हे इकडे येऊन बघा," म्हणायला लागले. सदरा तसाच फाटका राहिला.

घरी उजळणीला तूच माझ्या मागे लागायचीस. मागच्या पडवीत आपण पानाच्या चुन्याची निवळी केली ती आठवते? फुंकायला नळी नव्हती, तर तू परसातून पपईच्या पानाचा देठ तोडून आणलास. श्वासातल्या वायूनं निवळी पांढरी होते असं मास्तरांनी सांगितलं होतं, आणि तुला ते पटलं नव्हतं. तू गाल फुगवून फुंकायला लागलीस. पाणी दुधाळ झालं आणि तू ओरडलीस, "अगो, माझ्या पोटात दूध आहे!" आपण इतक्या हसलो की शेजारची कुत्री भुंकायला लागली. तू पुन्हा देठ तोंडात धरलास तेव्हा मी म्हणाले, "माई, पुरे, चक्कर येईल."

तू देठ खाली ठेवलास. माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि बरं केलंस. मी पळून गेले असते.

मग काका आले. बाबांचे थोरले भाऊ, दोन घरं सोडून राहणारे. ओटीवर उभे राहूनच बाबांना म्हणाले, "आपल्या घरची सून रोज मास्तरापुढे जाऊन बसते. मांडवीभर झालंय. हे बंद करायचं."

तू दाराआडून शांतपणे म्हणालीस, "भावजी, खरं आहे तुमचं. माझं वय लहान. उद्यापासून जाऊबाईंना पाठवा. त्या मोठ्या आहेत, त्यांच्यावर कोण बोट ठेवणार नाय."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, इस्त्रीचं लुगडं नेसून, नाकात नथ घालून. आणि मास्तरांनी नेमका त्या दिवशी सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू काढला! काकू पदर नाकाला लावून ज्या उठल्या त्या थेट घरी. विहिरीवर दोनदा अंघोळ केली म्हणे. त्यानंतर काकांनी त्या विषयावर तोंड उघडलं नाही. तू पुन्हा स्टुलावर.

खरं सांग, माई. 'उद्या काय आहे' हे तू मास्तरांना आदल्या सकाळीच विचारलं होतंस ना? मी तेव्हाही विचारलं, तर तू नुसती तांदूळ निवडत राहिलीस.

पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीनं बाबा मला मुंबईला घेऊन निघाले. बोट लांब खोल पाण्यात उभी, तिथवर पडावातून जायचं. तू बंदरावर उभी होतीस. सगळ्या बायका रडत होत्या आणि तू हात तोंडाशी धरून मास्तरांची ताकीद ओरडत होतीस, "आम्ल ओतायचं पाण्यात! पाणी आम्लात नाय!" पडावातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी लाजेनं अर्धमेली झाले.

आणि एवढं करून मी नापास झाले. प्रोफेसरांनी उपकरणं दाखवली ती मी ओळखली, वायूंचे वास सांगितले. पण मग त्यांनी कुठल्या मूलद्रव्याचं किती कशाशी जुळतं ते हिशेबानं विचारलं. आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो! वेगळ्या वर्गाच्या यादीत माझं नाव लागलं. नेहमीच्या वर्गातली मुलं जाता-येता आमच्या दारात डोकावून हसायची. मी घरी लिहिलं, 'मला परत न्या.'

तुझं कार्ड आलं. तिसरीपर्यंत शिकलेली तू, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतंस: "वेगळं बसवलंनी म्हणजे पहिल्यापासून शिकवतील ना? मग रडतेस कशाला? मला तर कोणी कच्च्या वर्गातसुद्धा बसवलंन नाय."

हे वाचून मी ट्रंक पुन्हा कॉटखाली सरकवली.

खाली तू एक प्रश्न लिहिला होतास. "परवा पुन्हा करून बघितलं, दूध झालेल्या निवळीत मी फुंकतच राहिले. खूप फुंकलं तर पाणी परत स्वच्छ होतं. का, ते विचारून कळव."

मला कुठे ठाऊक! धीर करून प्रोफेसरांकडे गेले. ते चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे कुणी करून बघितलं? तू?"

"नाही सर," मी म्हणाले. "माझ्या आईनं."

तोंडातून गेलं तेव्हा मीच दचकले. प्रोफेसरांनी समजावून सांगितलं, की आधी होतो तो बारीक खडू, आणि आणखी वायू मिळाला की त्याचा दुसराच पदार्थ होऊन पाण्यात विरघळतो. मग म्हणाले, "उद्या वर्गात करून दाखव." डोकं गरगरेपर्यंत मी फुंकलं. पाणी निवळलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलानं भीत भीत हात वर केला. मग दुसऱ्यानं. आमच्या वर्गात तोवर कुणी प्रश्नच विचारला नव्हता. आपण कच्चे, आपण काय विचारायचं! दिवाळीत मी नेहमीच्या वर्गात गेले, आणि त्या वर्गातले बरेचसे माझ्याबरोबर आले.

सुट्टीत घरी येऊन तुला उत्तर सांगितलं. तू ऐकलंस आणि लगेच म्हणालीस, "आणि ते स्वच्छ पाणी उकळलं तर?" आपण उकळलं. पुन्हा गढूळ झालं. तू लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्यास! प्रोफेसरांना मी तुझ्याबद्दल काय म्हणाले, ते त्या वेळी सांगणार होते. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सार उतू गेलं आणि तू धावलीस. म्हटलं, सांगू पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेलाही राहूनच गेलं.

पुढल्या श्रावणात तुला मुदतीचा ताप आला. आगबोटी बंद. तार मिळताच कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढे मोटार. आंबा घाटात दरड कोसळलेली. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाबा म्हणाले, "आधीच तार करणार होतो. तिनंच करू दिलंन नाही. पोरीची परीक्षा आहे म्हणाली."

कुठली परीक्षा, माई? सहामाही होती ती! चुकली असती तर काय बिघडलं असतं? एवढे प्रश्न विचारायचीस, मग हा एक मला का नाही विचारलास, 'येतेस का' म्हणून?

डॉक्टर झाले नाही मी. रसायनाच्या टेबलापासून हलावंसंच वाटलं नाही. बाबा आता कुरकुर करत नाहीत. परवा पत्रात 'आमच्या प्रोफेसरीणबाई' असं लिहिलं होतं.

सोमवारी पहिल्याच तासाला तोंडी प्रश्न विचारून कुणाला काय येत नाही ते लिहून ठेवा, असं मला सांगितलं आहे. मी तसं करणार नाही. तुला शब्द देते, माई, मी एकेकाला उभं करून विचारेन की तुला काय जाणून घ्यायचंय. उत्तर मला येत असेल तर करून दाखवीन. येत नसेल तर तसं सगळ्यांसमोर सांगेन, आणि शोधून आणीन. आणि त्या वर्गातलं कुणीही रडत घरी परत जाणार नाही, निदान मी तिथे आहे तोवर तरी.

तुझी मुलगी,
सुमती